दमुआत्याची एकवाढी

"दहिवडीमार्गे... म्हसवडला जाणारी गाडी... फलाट क्रमांक चारवर लागली आहे."

मी खिडकीशी उशीला टेकून पडले होते. त्या खिडकीतून एसटी स्टँडची मागची भिंत दिसायची, भिंतीपलीकडे फलाटांचं पत्र्याचं छप्पर, छपराच्या टोकाला बांधलेला कर्णा, आणि मान जरा लांब केली की चार नंबरचा फलाट. मी मान लांब केली. फलाटावर एक कुत्रं झोपलं होतं. गाडीचा पत्ता नव्हता.

"ओ बाई, कुठं लागलीया गाडी? आमच्या डोळ्याला तरी दिसंना!" कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

कर्णा खरखरला. पलीकडून कोणीतरी दम खात असल्यासारखं वाटलं. मग तोच जड, घोगरा आवाज एकेक शब्द ओढत आला. "लागत आहे."

मला हसू आलं नाही. कारण त्या कर्ण्यातली बाई म्हणजे माझी आत्या, दमयंती पोंक्षे. स्टँडवरची वाहतूक नियंत्रक. आणि उभ्या नोकरीत तिनं 'लागत आहे' आणि 'लागली आहे' यांची गल्लत कधी केली नव्हती.

हे बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. आत्याला वाटत नसे. नव्या कंट्रोलरला शिकवताना ती सांगायची, "लागत आहे म्हणजे गाडी वळणावर आहे, सामान गोळा करा. लागली आहे म्हणजे चढा. सुटत आहे म्हणजे धावा. आणि सुटली आहे म्हणजे आता बसा इथंच." शब्द चुकला की म्हातारं माणूस गाठोडं घेऊन उगाच धावतं, असं तिचं म्हणणं. घरातसुद्धा तिचा हाच खाक्या. आधण उकळण्याआधी मी 'चहा झाला' म्हटलं की स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "होतोय म्हण. झाला की झाला म्हण."

आवाज तर असा, की गावातली पोरं गाडी-गाडी खेळताना कंट्रोलर व्हायचं झालं तर दमुआत्याच्याच आवाजात बोलायची. स्वच्छ, खणखणीत, आणि शेवटच्या 'आहे'वर किंचित चढणारा. तिचे यजमान एसटीतच होते. ते लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले आणि त्यांच्या जागी ती लागली. मूलबाळ नव्हतं. स्टँड हाच तिचा संसार होता असं लोक म्हणायचे. तिला ते आवडत नसे. "संसारात कोणी इतकं वेळेवर येतं-जातं का?" असं ती म्हणायची.

त्या वर्षी मी तिच्याकडे राहायला आले होते ती हौसेनं नाही. माझी आधीची दोन गरोदरपणं अर्ध्यावरच संपली होती. आई माझ्या लग्नाआधीच गेलेली, नवरा हर्षद चंद्रपूरला वीज केंद्रात पाळीच्या नोकरीवर. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं, तेव्हा आत्यानं हर्षदला फोन केला. "चारूला माझ्याकडे आणून सोड. आणतो म्हणू नकोस, आण." तो घेऊन आला. आषाढी एकादशी दोन दिवसांवर होती.

तेव्हापासून मी त्या खिडकीशी पडून होते आणि दिवसभर आत्याचा आवाज ऐकत होते. म्हणूनच तो बदलत गेला तो मला आधी कळला. श्रावणात तो नुसता बसका वाटला. गणपतीत लोक विचारायला लागले, "नवीन साहेब आलेत का कंट्रोलला?" आणि आता ऑक्टोबरच्या उकाड्यात ती स्वेटर घालून ड्यूटीवर जात होती. चेहरा सुजट झाला होता, कंगव्यात केसांचे पुंजके निघत होते, आणि भाजी निवडता निवडता तिला डुलकी लागत होती.

त्या दिवशी दुपारी ती घरी आली, हातपाय धुतले आणि ताट वाढून घ्यायला बसली. हे सांगायला हवं. आत्यानं चातुर्मासात एकवाढी धरली होती. एकवाढी म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, आणि जे काय लागेल ते सगळं एकदाच पानात वाढून घ्यायचं. नंतर मीठसुद्धा मागायचं नाही. सकाळपासून तोपर्यंत पाण्याखेरीज काही नाही, आणि जेवणानंतर दुसऱ्या दुपारपर्यंत पुन्हा पाणीच. पूर्वी असे नेम पुष्कळ बायका धरायच्या. आत्या कधी धरत नसे. मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, "वजन वाढलंय."

तिचं ताट वाढणं बघण्यासारखं असायचं. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबाची फोड, खाली चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. भाताची मूद, दोन पोळ्या, ताकाची वाटी. मग लिंबाशेजारी दिवसभराच्या तिच्या गोळ्या. काही विसरलं तर गेलं, म्हणून ती सगळं वाढून झाल्यावर एकदा ताटाभोवती नजर फिरवायची, फलाट मोजल्यासारखी.

त्या दिवशी ती लिंबू विसरली. तिच्या लक्षात आलं ते पहिला घास घेतल्यावर. हात तसाच ताटावर राहिला.

"मी देते," मी उठायला लागले.

"पडून राहा. वाढून झालंय."

जेवताना ती बोलत नसे. आज बोलली.

"वाघचौरे साहेबांनी बोलावलं होतं." आगाराचे व्यवस्थापक वाघचौरे. माणूस वाईट नव्हता. "दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत मला पासांच्या खिडकीत बसवणार आहेत. पोरांचे पास. शिक्का मारायचा."

"किती दिवस?"

"निवृत्तीपर्यंत. म्हणजे कायमचंच."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणायला आवाज नको का, चारू?" तिनं आमटीत पोळी बुडवली आणि ती खायची विसरली. "त्यांचं चुकलं नाही. सकाळी ती बनगरवाडीची म्हातारी म्हसवडऐवजी साताऱ्याच्या गाडीत बसली ती माझ्यामुळे. कोरेगावात उतरवली तिला. तिथून कोणीतरी परत बसवून दिलं म्हणून बरं."

"अशक्तपणा आलाय तुला. उपास करतेस, वर दगदग."

"अशक्तपणा नाही गं." तिनं आवाज खाली आणला. "आईचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द उशिरा यायचे. मग चुकीचे यायचे. मग माणसं चुकीची यायला लागली. शेवटी मला 'वहिनी' म्हणायची."

 त्या आजीला मी पाहिलेलं नव्हतं, पण तिच्या शेवटच्या वर्षांबद्दल घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे हे माहीत होतं. माझं बाळ या जगात यायच्या बेतात होतं आणि ज्या एका माणसाच्या भरवशावर मी इथं येऊन पडले होते ते माणूस हळूहळू निघून चाललं होतं, असं मला त्या दुपारी वाटलं. मी उशीत तोंड खुपसून रडले. आत्या माझ्याकडे बघत उरलेलं ताट संपवत राहिली, कारण पानात टाकायचं नाही हाही नेमच होता.

"उद्या डॉक्टर दोशींकडे जायचंय ना तुला?" मी नाक पुसत म्हटलं. "मी येणार."

"तू पडून राहणार."

"मला आता रिक्षातून जायला परवानगी आहे. जिने चढायला नाही. दोशींचा दवाखाना तळमजल्यावर आहे."

तिनं रिकामं ताट उचललं आणि मोरीत नेलं.

डॉक्टर दोशी आत्याला बऱ्याच वर्षांपासून ओळखत होते. तिला थायरॉइडचा त्रास होता तो त्यांनीच शोधलेला, आणि त्यांच्या एका बारीक पांढऱ्या गोळीवर ती इतकी वर्षं ठणठणीत राहिली होती. या श्रावणात रक्ताच्या तपासणीत आकडा बिघडला म्हणून त्यांनी गोळीची ताकद वाढवली होती. आता नवी तपासणी त्यांच्यासमोर होती आणि ते कपाळाला हात लावून बसले होते.

"बाई, हे उलटं चाललंय. मी औषध वाढवतोय आणि आकडा आणखी बिघडतोय. गोळी चुकते का?"

"एक दिवस नाही."

"उपाशीपोटी घेता ना?"

"उपाशीपोटीच घेते."

"मग आणखी वाढवावी लागेल," म्हणत त्यांनी पेन उचललं.

मला का कोण जाणे हसू आलं. आदल्या दिवसापासून मन इतकं आवळून गेलं होतं की कशाचंही हसू यावं. मी म्हटलं, "डॉक्टर, ती उपाशीपोटी घेणारच. ती दुपारी जेवेपर्यंत उपाशीच असते."

पेन थांबलं. "म्हणजे?"

"एकवाढी धरलीय तिनं."

"एकवाढी," डॉक्टर म्हणाले. "आमच्यात एकासणं म्हणतात. माझी आई करते." मग त्यांनी पेनचं टोपण लावलं. "बाई, गोळी कधी घेता? नीट सांगा."

"जेवायला बसल्यावर. पहिल्या घासाआधी. पोटात तोपर्यंत काही नसतं. तुम्हीच सांगितलंय उपाशीपोटी."

"नेम धरायच्या आधी कधी घेत होता?"

"उठल्या उठल्या. चहाच्या आधी, तास-अर्ध्या तासानं चहा."

"आणि आता ताटात?"

"ताटात. वाढलेलं एकदाच घ्यायचं ना. मग गोळ्यासुद्धा वाढून घेते."

"गोळ्या? मी एकच देतो."

डॉक्टरांनी समोरची पुस्तकं बाजूला सारली आणि टेबल मोकळं केलं. "वाढा बघू ताट."

 आत्या खरोखरच वाढायला लागली. पेपरवेट म्हणजे भाताची मूद. शाईच्या दौतीचं झाकण म्हणजे आमटीची वाटी. रबरी शिक्का म्हणजे भाजी. खोडरबर डावीकडे ठेवून म्हणाली, "हे लिंबू." आणि लिंबाशेजारी टाचण्यांच्या डबीतून तीन टाचण्या ठेवल्या. "ही तुमची. ही लाल, लोहाची. आणि ही मोठी, खडूसारखी, कॅल्शियमची."

"या दोन कोणी दिल्या?"

आत्यानं माझ्याकडे बोट केलं. मी चाटच पडले. ताटातल्या गोळ्या सगळ्या डॉक्टरांच्याच असं मी धरून चालले होते.

"आरोग्य केंद्राच्या सिस्टर हिला मूठमूठभर देऊन जातात," आत्या म्हणाली. "उरतात. मी म्हटलं, मलाही थकवा आहे, गुडघे दुखतात. ताकदीच्याच तर आहेत. पोरीला चालतात, बाळाला चालतात, मला काय करणार आहेत?"

 डॉक्टरांनी आपल्या गोळीची टाचणी उचलून लांब, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली.

"वाईट काहीच करत नाहीत. एकेकट्या असत्या तर. लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, रक्तात उतरू देत नाहीत. वर भात, आमटी, ताक. मी ताकद वाढवत होतो आणि यांच्यामुळे ती वायाच चालली होती. या गोळीला रिकामं पोट लागतं, म्हणजे तिच्या आधीही काही नको आणि नंतरही काही वेळ काही नको. या दोघी तर तिच्यापासून चार तास तरी लांब हव्यात." ते हसले, पण ते हसू स्वतःवरच होतं. "मी विचारलं उपाशीपोटी का, तुम्ही खरं तेच सांगितलंत. कधी आणि कशाबरोबर हे विचारायचं माझं राहिलं."

"म्हणजे मला..." आत्याचा शब्द अडकला. "माझं आईसारखं नाही?"

"तुमच्या आईचं मला माहीत नाही. पण हा घोगरा आवाज, ही थंडी, ही झोप, हे शब्द न सापडणं, हे सगळं थायरॉइडचं आहे. परत येईल. सावकाश येईल, पण येईल."

आत्यानं पदर तोंडाला लावला. मी तिला माझ्या आठवणीत पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी तिचा हात धरला, तो ऑक्टोबरात बर्फासारखा गार होता.

डॉक्टरांनी लिहायला घेतलं. लोहाची गरज नाही, तिच्या रक्तात लोह पुरेसं आहे. यापुढे चारूचं औषध चारूला. कॅल्शियम या वयात चालेल, ते दुपारी जेवणाबरोबर ताटातच ठेवा. थायरॉइडची गोळी पूर्वीच्याच ताकदीची, कारण आता ती सगळी अंगी लागेल आणि वाढवलेली जड होईल, छाती धडधडेल. "ती मात्र पहाटे उठल्यावर, पाण्याबरोबर. उद्यापासून."

"कार्तिकीनंतर," आत्या म्हणाली.

"काय?"

"कार्तिकी एकादशीला नेम संपतो. महिनाभराचा प्रश्न आहे. तोपर्यंत ताटातच घेते, लोहाची सोडून. मग पहाटे."

"बाई, औषध म्हणजे काही अन्न नव्हे."

"तुमच्या आई एकासण्यात औषध घेतात?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "नाही घेत. रोज भांडतो मी तिच्याशी आणि रोज हरतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "महिना म्हणजे थोडा नाही. आत्ताच इतकं खाली गेलंय. आणखी गेलं तर माइक सोडा, घरातल्या घरात पडतील."

"आत्या, वजनासाठी कोणी इतकं करतं का?" मी वैतागून म्हटलं. "सोड तो नेम."

ती माझ्याकडे बघेना. टेबलावरचं पेपरवेट तिनं जागच्या जागी फिरवलं. मग फिरवणं थांबलं आणि तिची नजर माझ्या पोटावर येऊन राहिली. एवढंच. पण मला कळायचं ते कळलं. मी आले आणि एकादशी दोन दिवसांवर होती. जन्मात नेम न करणारी बाई, आणि तिनं नेमका हाच चातुर्मास निवडला होता.

"तुझी दोन गेली," ती पुटपुटली. "मी बोललेय देवाला. आता मधेच शब्द फिरवला आणि काही झालं, तर मी कोणाला तोंड दाखवू?"

 रिक्षात मला तिचा राग आला होता आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. मला बाळ हवं होतं. त्या वेळी दुसरं काहीच हवं नव्हतं मला. पण त्याच्या बदल्यात आत्या गमवायची नव्हती. घराशी उतरताना मी तसं तिला म्हटलंसुद्धा. "असं काही होत नाही," ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "थांबा, ही उतरत आहे. उतरली नाही अजून."

संध्याकाळी आरोग्य केंद्राच्या सिस्टर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "ताई, या महिन्याच्या गोळ्या द्यायच्या राहिल्यात तुमच्या." पिशवीतून पाकिटं काढून माझ्या हातात ठेवली आणि गेल्या. मी ती पाकिटं मांडीवर घेऊन बसले. सिस्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. दोनदा, तीनदा. आणि मग मला आत्यासारखंच ते शब्द-शब्द वेगळं करून ऐकू यायला लागलं.

पहाटे आत्या उठली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एका हातात पाण्याचं भांडं, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ती बारीक पांढरी गोळी.

"तुला कोणी उठायला सांगितलं?"

"हात पुढे कर."

तिनं गोळी पाहिली. "चारू, याच्यावर बोलणं झालंय."

"नाही झालं. तू देवापुढे नेमकं काय बोललीस? शब्द सांग मला."

नेमका शब्द विचारल्यावर उत्तर न देणं तिला जमणार नव्हतं. ती म्हणाली, "एकदा वाढलेलं तेवढंच खाईन. दुसऱ्यांदा वाढलेलं तोंडात घालणार नाही."

"वाढलेलं."

"हो."

"गोळी वाढतात का, आत्या?"

तिनं पुन्हा माझ्या तळव्यावरच्या गोळीकडे पाहिलं.

"भात वाढतात. आमटी वाढतात. सिस्टर काल काय म्हणाल्या? गोळ्या द्यायच्या राहिल्यात. डॉक्टर काय करतात? औषध देतात. पेशंटला औषध वाढलं असं कोणी म्हणतं का? तू गोळी ताटात ठेवलीस, लिंबाशेजारी, म्हणून ती वाढलेली झाली. ही ताटात नाही. मी तुला वाढत नाहीये. देतेय."

"हा शब्दांचा खेळ झाला."

"मग लागत आहे आणि लागली आहे हा कसला खेळ?"

भिंतीपलीकडे पहाटेची पहिली गाडी सुरू होत होती. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.  आत्याच्या आत काय चाललं असेल ते मला दिसत होतं. एकीकडे तिनं दिलेला शब्द आणि दुसरीकडे माझा. ती दोन्ही तपासून पाहत होती, बारीक, पुन्हा पुन्हा, कारण यात चूक झाली तर कोण गाठोडं घेऊन धावणार हे तिला ठाऊक होतं.  तिनं नाही म्हटलं असतं तर माझ्याजवळ दुसरा शब्द नव्हता.

इंजिन तिसऱ्यांदा सुरू झालं आणि चालू राहिलं.

"पण एक," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी माझ्या हातानं डबीतून काढून घेतली तर ते घेणं झालं. रोज तूच द्यायचीस."

"रोज."

तिनं हात पुढे केला. "दे."

कार्तिकीपर्यंत मी रोज दिली. डॉक्टर दोशींना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून खूप वेळ हसले, आणि "आज घरी जाऊन आईला देतो," म्हणाले. जमलं की नाही ते मी विचारलं नाही.

दिवाळीत मात्र आत्या पासांच्या खिडकीतच बसली. वाघचौरे साहेबांनी ठरवल्याप्रमाणे केलं. माइकवर नवा साळुंखे आला. तो चांगला पोरगा होता, पण त्याच्या सगळ्याच गाड्या लागलेल्या असायच्या. माझ्या खिडकीतून मी लोकांना धावताना आणि परत येताना बघत होते. आत्या संध्याकाळी घरी यायची आणि काही बोलायची नाही. पण तिनं स्वेटर काढला होता. मग एक दिवस भाजी निवडताना तिला डुलकी लागली नाही. मग एक दिवस, मी 'दूध तापलं' म्हणाले, तर आतून आवाज आला, "तापतंय. साय धरलेली नाही."

कार्तिकीला नेम पूर्ण झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका दुपारी, माझा डोळा लागला होता.

"दहिवडीमार्गे म्हसवडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे."

मी मान लांब केली. फलाट रिकामा होता. वळणावरून लाल गाडी आत शिरत होती. शेवटचा 'आहे' किंचित वर चढला होता. वाघचौरे साहेबांनी आत्याला परत माइकवर बसवलं होतं. फलाटावर कोणी धावलं नाही. लोक आपापलं सामान गोळा करायला लागले.

डिसेंबरात मला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, रडकी, गोबरी. आत्यानं तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा "आली," एवढाच एक शब्द ती बोलली. तिला इतक्या शब्दांची सवय असून.

पाचव्या आठवड्यात हर्षद आम्हाला न्यायला आला. आत्या ड्यूटीवर होती. ती केबिनच्या काचेआडून हात हलवील असं मला वाटलं होतं, पण ती मान खाली घालून माइककडे बघत होती. आम्ही बसलो, वाहकानं दार ओढलं, आणि कर्णा खरखरला.

"साताऱ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे." मग जरा थांबून, नियमात नसलेलं, "चालकानं सावकाश न्यावी. गाडीत आमचं बाळ आहे."

अख्खं स्टँड आमच्या गाडीकडे बघायला लागलं. चालकानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बाईंनी सांगितलंय म्हणल्यावर," तो म्हणाला, "खड्डा दिसला की उतरून हातानं बुजवतो."

निघण्याआधी मी आत्याला विचारलं होतं, आता गोळीचं काय? "चातुर्मास संपला की," ती म्हणाली होती. "आता माझी मी घेईन." मला ते पटलं होतं. पटलं नसतं तरी काय करणार होते?

चंद्रपूरला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला. मुलगी नुकती झोपली होती. मी धावत जाऊन उचलला. पलीकडे गाडीचं इंजिन खोकत होतं.

"चारू," आत्या म्हणाली. "दे बघू."

मी फोन हातात धरून उभी राहिले. दुसऱ्या हाताचा रिकामा तळवा पुढे केला.

"दिली," मी म्हणाले.

पलीकडे भांडं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"घेतली आहे," आत्या म्हणाली. शेवटचा 'आहे' नीट वर चढला होता.